भोवऱ्याच्या नकाशासोबत कसोटीही छापा

महोदय,

किनाऱ्याजवळच्या समुद्रातले भोवरे संगणक आता आपोआप शोधतो, अशा बातम्या वाचायला मिळतात. सोबतच्या नकाशावर गोल काढलेले असतात; ते कशाच्या आधारे काढले, याचा मात्र पत्ता नसतो. तेलाचा तवंग कुठे जाईल, बेपत्ता माणसाला कुठे शोधायचे, हे अशा नकाशांवरून ठरणार असेल तर ही उणीव जिवावर बेतू शकते.

किनाऱ्यावरचे एक रडार पाणी आपल्याकडे येते की दूर जाते, एवढेच सांगते. पूर्ण प्रवाह कळायला दोन रडार लागतात. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर दोघांचीही नजर एकाच रेषेत येते, त्यामुळे तिथला आडवा वेग नीट मोजता येत नाही. खोटे भोवरे बहुतेकदा त्याच पट्ट्यात उमटतात, किंवा जिथे माहितीच नव्हती आणि नकाशाच्या जाळ्यातल्या रिकाम्या चौकटी अंदाजाने भरल्या, तिथे.

पुढचा प्रश्न कसोटीचा. ओकुबो (1970) आणि वाइस (1991) या संशोधकांच्या कसोटीत प्रवाहाच्या ताणाच्या (पाणी किती ओढले-ताणले जाते) वर्गातून फिरकीचा (पाणी स्वतःभोवती किती फिरते) वर्ग वजा करतात. उत्तर पुरेसे ऋण आले की भोवरा धरतात. पण ताण आणि फिरकी दोन्ही शेजारच्या चौकटींच्या वेगांतल्या फरकावरून काढतात, आणि फरक घेतला की चूक फुगते. समजा चौकट 2 किलोमीटरची आहे, भोवऱ्याची त्रिज्या 10 किलोमीटर, कडेचा वेग सेकंदाला 20 सेंटीमीटर आणि मोजमापातली चूक 5 सेंटीमीटर. एवढ्याने फिरकीच्या आकड्यात निम्म्याहून जास्त चूक शिरते. आकडे गुळगुळीत करून घेतले तर चूक कमी होते, पण लहान भोवरेही पुसले जातात.

2010 साली नेन्चिओली आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत फरक घेत नाही, नकाशावर प्रवाहाची दिशा आणि वेग दाखवणाऱ्या बाणांची ठेवण पाहते: मध्यावर वेग सर्वांत कमी, दोन्ही बाजूंना प्रवाह उलट, मध्यापासून दूर जावे तसा वेग वाढता आणि बाण एकाच दिशेने वळत गेलेले. किनारी माहितीसाठी आम्हाला हीच अधिक भरवशाची वाटते. मात्र मध्यापासून किती चौकटी तपासायच्या हे माणूसच ठरवतो, आणि त्याहून लहान भोवरा निसटतो.

सर्वांत मोठी गफलत भरती-ओहोटीची. मुख्य भरतीचे चक्र 12 तास 25 मिनिटांचे. दिवसभराहून लांब सरासरी घेतली की ते निघून जाते, आणि त्यासोबत भूशिराच्या आडोशाला काही तासच टिकणारा खराखुरा भोवराही जातो. तवंग दहा दिवसांनी कुठे असेल हे हवे तर असे गाळणे योग्य. आज दुपारी पाण्यात पडलेल्याला शोधायचे असेल तर ते घातक.

म्हणून प्रत्येक गोलाशेजारी उंबरठा (कसोटीचे उत्तर कितीपलीकडे गेले की भोवरा धरला), किमान त्रिज्या, भरती वगळली की नाही आणि सलग किती तास तो दिसला, हे छापावे. अंदाजाने भरलेल्या चौकटी वेगळ्या रंगात दाखवाव्यात. आणि काही गोलांत तरंगते बोये सोडून ते खरोखर फिरतात का, हे पाहून निकाल जाहीर करावा.

— किनारी प्रवाहांचे काही अभ्यासक