पंख्याचा पट्टा काढून बघणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, नमस्कार.

नाव टाकू नको म्हणालात, म्हणून टाकत नाही. वडाळा ट्रक टर्मिनलमध्ये ज्याला ओळखायचं तो बरोबर ओळखेल.

माझी सहाचाकी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पुढून ऑईल टाकत होती. नाशिकची एक खेप झाली की गेजवर लिटरभर कमी. पंख्याचा पट्टा तेलकट होऊन घसरायचा आणि कसारा चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकायचा. पहिल्या गॅरेजवाल्याने पुढचं क्रँक सील, म्हणजे पुलीमागे ऑईल अडवणारी रबरी रिंग, बदललं, आठवड्यात पुन्हा ओलं. दुसऱ्याने टायमिंग कव्हरचं पॅकिंग बदललं आणि त्यावर सिलिकॉन असं थापलं की जणू पत्र्याचं छप्पर गळतंय. तरीही गळती चालूच. मग तो म्हणाला, इंजिन दमलंय, पिस्टन-रिंग खोलावं लागेल, ७०,००० धरून चाल. मी भिशी उचलायच्या तयारीला लागलो होतो.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. म्हणालात, “आधी हिला आंघोळ घाल.” डिझेल आणि ब्रशने पुढचा भाग धुतला, हवा मारून कोरडा केला, आणि पोऱ्याला पाठवून टाल्कम पावडरचा डबा मागवलात. मला वाटलं, उस्ताद थट्टा करतायत. तुम्ही टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, खालच्या ऑईल चेंबरचा सांधा, सगळीकडे पावडर फुंकलीत आणि पंख्याचा पट्टा काढलात. पंखा फिरला की ऑईल मागे उडवतो, मग सगळंच ओलं दिसतं आणि उगम कळत नाही, हे तेव्हा समजलं. वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर, म्हणून थंड इंजिन फक्त तीन-चार मिनिटं चालवायचं, हेही बजावलंत.

त्या मिनिटांत तुम्ही टॉर्च घेऊन उकिडवे बसलात. वरचं सगळं पांढरं शुभ्र. दुसऱ्याने थापलेलं सिलिकॉनसुद्धा कोरडं. पुलीच्या मागे, अगदी खाली, पावडरीत मोहरीएवढा काळा ठिपका उठला आणि बघता बघता त्याची रेघ झाली. म्हणजे गळती सीललाच, नवं बसवूनही.

इथे दुसरा कुणी असता तर अजून एक सील ठोकून पैसे घेतले असते. तुम्ही ऑईल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं उलटं ठेवलंत, तर ते भातावरच्या झाकणासारखं थडथडायला लागलं. इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाईप काढला, तर आत काळा चिकट गाळ, बोटही शिरेना. रिंगमधून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली उतरतोच. त्याला बाहेर जायची वाट मिळाली नाही की तो सीलच्या ओठातून ऑईल ढकलतो. पाईप साफ केल्यावर झाकण शांत बसलं. “रिंगा ठीक आहेत, इंजिन नको खोलू,” म्हणालात. त्या एका वाक्याने माझी भिशी वाचली.

मग पुली उतरवलीत आणि माझा अंगठा धरून तिच्या मानेवर फिरवलात. नख अडकलं. इतकी वर्षं सील घासून तिथे चर पडली होती, डोळ्याला ती नुसती चकचकीत पट्टी दिसत होती. नवं सील त्याच चरीत बसलं, तर ते धरणार कसं? कुर्ल्याहून पातळ स्टीलची स्लीव्ह आणि नवं सील आणलं. स्लीव्ह मानेवर चढवलीत, सीलच्या ओठाला ऑईलचं बोट लावलंत, आणि जुन्या बेअरिंगच्या कड्याने सगळीकडून सारखं दाबत सील बसवलंत. पोऱ्याने एका बाजूने हातोडी मारायला उचलली, तर त्याला दिलेली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. पुलीचा बोल्ट टॉर्क पान्याने आवळलात, हेही मी नीट पाहिलं.

बिल पाहून मी दोनदा विचारलं, मजुरी धरली ना? तर तुम्ही चहा मागवलात.

आधीच्या दोघांवर राग आहे, पण खरं सांगायचं तर मीही त्यांना “लवकर कर, माल भरायचाय” म्हणून घाई केली होती. तुम्ही मला घाई करूच दिली नाहीत.

तेव्हापासून नाशिकच्या सहा खेपा झाल्या. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो, पुढच्या बाजूला एक थेंब नाही. एअर कॉम्प्रेसरच्या पॅकिंगला जरासा पाझर आहे, लगेच हात लावायची गरज नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. पुढच्या ऑईल बदलीला तेही दाखवायला येतो. पावडरचा डबा मी आणेन.

तुमचा,
सिलिकॉनवाल्या गाडीचा मालक