टोकियोला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सूचना

सदस्यांनो, तीनच दिवस हाती आहेत, म्हणून रोज एकाच बाजूचा भाग धरा. असाकुसाचं सेन्सो-जी मंदिर आणि उएनो एकाच दिवशी, गिंझा लाइन या मेट्रोने. उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी सहसा बंद असतं. शिबुया, हाराजुकू, मेइजी मंदिर दुसऱ्या दिवशी. दूरच्या क्योटो शहराचा मोह या खेपेला नकोच!

शाकाहारींनी जपून: मिसो सूपमध्ये, इतकंच काय, भाज्यांच्या रश्शातही बहुधा 'दाशी' असते, म्हणजे सुक्या माशाचा अर्क. दशम्या-चटणी सोबत ठेवा. ताजी फळं मात्र नेऊ नका, विमानतळावर अडवतील.

सुइका कार्ड (रेल्वे-बससाठीचं प्रीपेड कार्ड) उतरल्यावर लगेच घ्या. रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, टॅक्सी महाग पडते. वीज 100 व्होल्ट, दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागेल. व्हिसाची कागदपत्रं ज्यांची राहिलीत, त्यांनी आजच द्यावीत.