अरुंधती मलाही दिसली नव्हती

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि कुकरची शिट्टी झाली की आई ठेवून देते. म्हणून या वेळी लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबा, मध्येच "हं, पुढे" म्हणायचं नाही.

परवा आम्ही रँचो मिराजला जाऊन आलो. लॉस एंजेलिसहून गाडीने दोन-अडीच तास. खिंडीत पवनचक्क्यांचं रान लागतं आणि ते ओलांडलं की वाळवंटच सुरू होतं. समुद्रावरून येणारे ढग सॅन हसिंटोचा डोंगर अडवतो, चांगला 3,300 मीटर उंच आहे. पलीकडे सगळं कोरडं. आपला सह्याद्री करतो तेच, बाबा, पण इथलं कोरडेपण आपल्या दुष्काळी पट्ट्यालाही लाजवेल. ढगच नाहीत म्हटल्यावर आकाश मात्र बहुतेक रात्री मोकळं.

तिथे पालिकेचं वाचनालय आहे आणि वाचनालयाच्याच आवारात वेधशाळा. 2018 साली सुरू झाली. सगळं फुकट. घुमटातल्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास 70 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या परातीहून बराच मोठा. ती आकाशातली वस्तू संगणकावर सांगितली की आपली आपण वळते. पण मला जास्त आवडलं ते बाहेरचं. मोकळ्या जागेत लहान दुर्बिणी मांडलेल्या, प्रत्येकीमागे एक उत्साही माणूस आणि पुढे रांग. रांगेत शाळकरी पोरं, वॉकर घेतलेल्या आजी, सगळे. गुरू पाहिला, त्याच्या एका रेषेत बसलेल्या चंद्रांसकट. मृगातला तेजोमेघ पाहिला. तो फोटोतल्यासारखा गुलाबी नसतो हं, करडा दिसतो, काचेवर श्वास सोडल्यासारखा.

आता मुद्द्याचं. बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात, अरुंधती दिसेनाशी झाली. हसत म्हणालात, पण त्यानंतर संध्याकाळी गच्चीवर जाणंच बंद केलंत, हे आईने मला सांगितलंय. (आई, रागावू नकोस, सांगावंच लागलं.) अरुंधती दिसली नाही की सहा महिन्यांत बोलावणं येतं, असं आजी म्हणायची. तेच तुमच्या मनात आहे, मला ठाऊक आहे.

तर ऐका. गाडीतून उतरल्या उतरल्या मी ईशान्येला पाहिलं. सप्तर्षींचा पतंग शेपटी खाली सोडून उभा होता. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याच्याजवळ काही नाही! मी पंचेचाळिशीची, चष्म्याचा नंबर गेल्याच महिन्यात तपासलेला. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.

दुर्बिणीमागच्या एका आजोबांना विचारलं. त्यांच्या हातात लाल काच लावलेली विजेरी होती. ते म्हणाले, फोन खिशात टाका आणि वीस मिनिटं कुठल्याही दिव्याकडे बघू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. लाल उजेडाने ती सवय मोडत नाही, म्हणून ती लाल काच. मी वाचनालयाच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले, स्वेटरच्या बाह्या ओढून, कारण वाळवंटात ऊन गेलं की गारठा येतो. वीस मिनिटं फोन न बघता राहणं काय असतं, ते आपल्या नातवाला विचारा. मग परत वर पाहिलं, तर वसिष्ठाला खेटून, अगदी बारीक, ती होतीच. तिचा उजेड वसिष्ठाच्या साधारण सहावा हिस्सा. समोरच्या इमारतीवर पांढरा दिवा असला की पहिली तीच बुडते.

पुढची गंमत आईसाठी. आजोबांनी दुर्बीण तिकडे वळवली. मी स्टुलावर चढून डोळा लावला. आधी पापणीचेच केस दिसले, मग दोन टिंबं, मग तारा हळूहळू कडेला सरकायला लागला, कारण पृथ्वी फिरत असते. आणि कळलं की एकटा वसिष्ठच दोन आहे! 1617 साली गॅलिलिओचा मित्र कास्तेल्ली याला ते दिसलं होतं. 1889 मध्ये हार्वर्डच्या पिकरिंगनी दाखवलं की त्यातला एक पुन्हा जोडीचा आहे, पुढे दुसराही तसाच निघाला. अरुंधतीलाही सोबत असल्याचं 2009 मध्ये समजलं. म्हणजे सहा जण! माझ्या लग्नात भटजींनी भर दुपारी हॉलच्या पंख्याकडे बोट दाखवून "ही पाहा अरुंधती" म्हटलं होतं, तेव्हा एवढं खटलं असेल असं कुणाला वाटलं?

बाबा, तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. भिंग गढूळ झालं की उजेड पसरतो आणि बारीक तारा त्यात विरघळतो. उजव्याचं ऑपरेशन झाल्यावर तुम्हीच म्हणाला होतात, भिंतीचा रंग पिवळा नाही, पांढरा आहे म्हणून. डाव्याचं मात्र "बघू पुढच्या महिन्यात" असं दोन वर्षं चाललंय.

गच्चीवर टाकीच्या मागे रस्त्यावरचा दिवा पोचत नाही, तिथे खुर्ची नेऊन ठेवायला मी वॉचमनकाकांना सांगितलंय. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतील. वीस मिनिटं बसा, मग उजव्या डोळ्याने पाहा. आई, तूही सोबत बस, मोबाईल खाली ठेवून. आणि डाव्या डोळ्याची तारीख घेतलीस की मला लगेच कळव, मी त्याप्रमाणे तिकीट काढते.

तुमची,
धाकटी