बाबा, माझ्यासाठी शब्द टाकू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई रडायला लागते आणि बाबा "बरं, ठेव आता" म्हणतात, म्हणून लिहायला बसले. इथलं पुढच्या दोन वर्षांचं काम मी स्वीकारलंय. सही झाली आहे. आपल्याकडच्या कॉलेजातल्या त्या जागेसाठी मी अर्ज करणार नाही. आणि बाबा, साहेबांकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकू नका.

रागावू नका, आधी ऐका. दिवसभर मी काय करते असं तुम्ही विचारता ना? लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात बसून मी लोकांचे नोकरीसाठीचे अर्ज वाचते. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये शपथ घेतली, पण त्याच्या आधीपासूनच त्याच्याकडे पत्रांची रीघ लागली होती. तेव्हा परीक्षा नव्हती की जाहिरात नव्हती, थेट त्यालाच लिहायचं. सगळ्यात जास्त मागणी जकातीच्या जागांना, कारण नव्या सरकारची मिळकत मुख्यतः बंदरांवरच्या जकातीची. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने अशा शंभरेक नेमणुका एकदम सिनेटकडे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाकडे, मंजुरीसाठी पाठवल्या. अर्ज करणारे बरेचसे स्वातंत्र्ययुद्धात त्याच्याच सैन्यातले. लढाईचा पगार कागदी रोख्यांत मिळालेला, आणि त्या रोख्यांची किंमत पार उतरलेली. शाई तपकिरी पडलीय. लाखेची मोहोर उचकटताना जिथे कागद फाटला, तिथली दोन-तीन अक्षरं कायमची गेलीत. आधी सेवेचा पाढा, मग ओळखीच्या मोठ्या माणसांची नावं, आणि अगदी शेवटी घरची अडचण. ती शेवटची ओळ वाचताना माझा घसा दाटतो.

बाबा, त्याच्या पुतण्यानेही मागितलं होतं. बुशरॉड, सत्तावीस वर्षांचा वकील. व्हर्जिनियात सरकारी वकील व्हायचं होतं. वॉशिंग्टनने जुलैमध्ये त्याला स्वतः लिहून नकार कळवला: तुझ्याहून ज्येष्ठ, नावाजलेले वकील तिथे आहेत, आणि मी नातलगाला झुकतं माप देतोय का, हे सगळं जग बघतंय. ते पत्र वाचलं तेव्हा मला आपली पडवी दिसली, मोठे काका दिसले, मान खाली घालून बसलेला नंदू दिसला. त्यानंतरची दिवाळी आपण चौघांनीच केली. आईने तेव्हा काय काय ऐकून घेतलं, हे मला आत्ता या वयात कळतंय. नंदूसाठी जे केलं नाहीत, ते माझ्यासाठी करू नका. बुशरॉडचं पुढे काही अडलं नाही. १७९८ मध्ये दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाने, जॉन अ‍ॅडम्सने, त्याला सर्वोच्च न्यायालयावर घेतलं. नंदूचंही चांगलंच झालं की.

पण ज्या बाईसाठी मी थांबतेय ती वेगळी. मेरी कॅथरीन गॉडार्ड. बाल्टिमोरचं टपाल कार्यालय तिने १७७५ पासून चालवलं. सह्या करणाऱ्यांच्या नावांसह स्वातंत्र्याचा जाहीरनामा तिने छापला, युद्ध चालू असताना. १७८९ मध्ये तिला काढलं. कारण काय दिलं, तर आता या कामात फिरती फार, बाईमाणसाला झेपणार नाही! गावातल्या दोनशेहून जास्त लोकांनी तिच्या बाजूने सह्या दिल्या. तिने वॉशिंग्टनला लिहिलं. ज्या नेमणुका माझ्या हातात नाहीत त्यांत मी पडत नाही, असं त्याचं उत्तर आलं. जागा परत मिळाली नाही. आई, तुला हे वेगळं सांगायला नको. हिचं आणि हिच्यासारख्यांचं काम अर्ध्यावर टाकून मला येववत नाही.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, खिडकीखालीच हीटर. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता फुगते. मेतकूट मात्र तुझंच लागतं गं. ताप आला की अजून तुझ्या नऊवारीच्या पदराचा वास आठवतो, आणि बाबांनी ऑफिसातून आणलेल्या लाल फितीने माझी वेणी बांधलेली. उन्हाळ्यात महिनाभर येतेच आहे, तिकीट काढलंय.

आता नीट ऐका. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचाय, माणूस रविवारी येईल, त्याला परत पाठवू नका. आईने माळ्यावर चढायचं नाही, लोणच्याची बरणी खाली ठेवा. गुडघ्याचे व्यायाम रोज, मालिका बघत केलेस तरी चालेल. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, आणि "आज गोड खाल्लं नाही" म्हणून ती चुकवायची नाही. पोळ्यांच्या मावशींना मी पैसे पाठवलेत, त्यांच्याशी पगारावरून घासाघीस करू नका. रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला आधी पाठवा, दादाला नंतर.

तुमची,
छबी