औषध कितव्या दिवशी सुरू केले, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुफ्फुसाचा फायब्रोसिस आणि मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग, या दोन्हींवर एकच औषध लागू पडल्याच्या बातम्या मराठी दैनिकांत अधूनमधून येतात. बहुतेक बातम्या खोट्या नसतात. पण ‘उंदरांवर’ हा शब्द त्यांत शेवटच्या परिच्छेदात लपलेला असतो आणि प्रयोग कसा केला, हे कुठेच नसते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले कात्रण घेऊन रुग्ण ओपीडीत येतात, काही तर चालू गोळ्या बंद करून येतात.

हे दोन रोग एकाच संशोधकाच्या टेबलावर कसे येतात, ते आधी सांगतो. फायब्रोसिसमध्ये फायब्रोब्लास्ट पेशी जखम भरून झाल्यावरही कोलॅजन (व्रणातले चिवट प्रथिन) तयार करत राहतात आणि फुफ्फुस ताठर होते. मेलानोमाच्या गाठीभोवतीही याच जातीच्या पेशी असतात आणि टीजीएफ-बीटा हा रासायनिक निरोप दोन्हीकडे चालतो. दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. सी-५७ ब्लॅक-६ या काळ्या उंदराच्या जातीत ब्लिओमायसिन दिल्यावर फायब्रोसिस चांगला धरतो, आणि बी-१६ हा मेलानोमाही याच जातीच्या उंदरात उपजलेला आहे. एकाच पिंजऱ्यातल्या भावंडांवर दोन्ही प्रयोग होतात.

ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचेच औषध. ते मोडणारे एन्झाइम फुफ्फुसात आणि त्वचेत फार कमी असते, म्हणून त्याचा त्रास नेमका याच दोन ठिकाणी होतो. प्रयोगात किलोमागे १ ते ३ युनिट या हिशेबाने ते गुंगीतल्या उंदराच्या श्वासनलिकेत सोडतात. उंदीर असतो २५ ग्रॅमचा आणि द्रव ५० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. खरी गोम या थेंबात आहे. तो अन्ननलिकेत गेला तर फुफ्फुसाला काहीच होत नाही, आणि तो उंदीर ‘औषधाने बरा झालेल्यांत’ मोजला जातो. एकाच बाजूला उतरला तर एक फुफ्फुस दगडासारखे आणि दुसरे कोरे. पहिल्या आठवड्यात उंदरांचे वजन उतरते, काही मरतात. सर्वांत आजारी उंदीर मेले की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारते. म्हणून किती मेले आणि कोणत्या गटातले मेले, हा आकडा हवाच.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे दिवस. साधारण पहिले सात दिवस फुफ्फुसात सूज असते. कोलॅजन साठणे त्यानंतर वाढते आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ठळक दिसते. औषध पहिल्याच दिवशी सुरू केले तर ते सूज दाबते, सूज नाही म्हणून पुढचा फायब्रोसिसही नाही, आणि निष्कर्ष लिहिला जातो ‘फायब्रोसिसवर गुणकारी’. आपल्याकडचा रुग्ण मात्र फुफ्फुस आकसल्यावर, जिना चढताना दम लागू लागल्यावर येतो. त्याच्याशी तुलना करायची तर औषध सूज ओसरल्यावर सुरू केलेले असले पाहिजे. शिवाय तरुण उंदराचे फुफ्फुस काही आठवड्यांनी बऱ्याच अंशी आपणहून सुधारते. माणसाच्या आयपीएफमध्ये, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, तसे होत नाही. इतके दोष असूनही हाच प्रयोग वापरला जातो, कारण याहून बरा हाताशी नाही. आमची तक्रार प्रयोगाबद्दल नाही.

मोजमापातही फसगत होते. कोलॅजन मोजण्यासाठी फुफ्फुस तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर रात्रभर उकळतात आणि कोलॅजनमधला हायड्रॉक्सीप्रोलिन हा घटक मोजतात. हा आकडा अख्ख्या फुफ्फुसाचा द्यावा लागतो. दर मिलिग्रॅमला दिला तर सुजलेले, जड झालेले फुफ्फुस कमी रोगट दिसते. सूक्ष्मदर्शकासाठी फुफ्फुसात सुमारे २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने फॉर्मॅलिन भरून ते फुगवतात. तसे केले नाही तर मिटलेल्या वायुकोशांच्या भिंतीच जाड दिसतात. मग फायब्रोसिस किती आहे त्याचे शून्य ते आठ असे अ‍ॅशक्रॉफ्ट गुण देतात, आणि ते देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे लागते.

मेलानोमाचा प्रयोग याहून झटपट. बी-१६ एफ-१० या पेशी, बहुधा दोन-पाच लाख, शेपटीच्या शिरेतून सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांनी फुफ्फुसावरचे काळे ठिपके मोजतात. पेशींच्या गुठळ्या राहिल्या तर त्या फुफ्फुसाच्या वाहिन्यांत अडकतात आणि उंदीर टेबलावरच जातो. औषध पेशींच्या आधी किंवा सोबत दिले तर त्याने पेशी रुजू दिल्या नाहीत, एवढेच कळते. आधीच पसरलेल्या कर्करोगाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. ठिपके कमी झाल्याचा फोटो छान येतो, हे मान्य.

या वाटेवर काय होऊ शकते, त्याचे उदाहरण म्हणजे ऑटोटॅक्सिन. हे एन्झाइम १९९२ मध्ये अमेरिकेत माणसाच्या मेलानोमा पेशी वाढवलेल्या द्रवातच सापडले. ते एलपीए नावाचा स्निग्ध पदार्थ बनवते. एलपीएचा निरोप घेणारा पेशीवरचा एक ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांना ब्लिओमायसिनने फारसा फायब्रोसिस होत नाही, हे २००८ मध्ये दिसले. त्याच कामात आयपीएफच्या रुग्णांच्या फुफ्फुसातल्या द्रवातही एलपीए वाढलेले आढळले. मग ऑटोटॅक्सिन रोखणारे झिरिटॅक्सेस्टॅट आले. २३ रुग्णांच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत आशा दिसली. पुढे १,३०० हून अधिक रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. फुफ्फुसाची क्षमता घटणे त्याने थांबले नाही आणि मृत्यू औषध घेणाऱ्यांत जास्त झाले. या मालिकेतली प्रत्येक पायरी शास्त्रशुद्ध होती. पहिल्या पायरीवर ‘औषध सापडले’ म्हणणाऱ्यांची तेवढी घाई झाली.

आता मुंबईच्या वाचकाचा मुद्दा. परदेशातल्या बातम्या बहुधा आयपीएफच्या असतात. भारतातल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदवहीत (२०१७ साली प्रसिद्ध) मात्र ४७ टक्क्यांहून अधिक रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि आयपीएफ १४ टक्क्यांच्या आत. पहिला आजार कबुतरांची विष्ठा व पिसे, कूलरमधली बुरशी अशा गोष्टी श्वासात जाऊन होतो. तिथे पहिला उपचार म्हणजे ग्रिलवरची कबुतरे आणि ओला कूलर घरातून हटवणे, आणि गरज पडल्यास डॉक्टर स्टेरॉइड देतात. आयपीएफमध्ये मात्र स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन हे एकेकाळचे नेहमीचे मिश्रण एका चाचणीत इतके घातक ठरले, की २०११ मध्ये तो गट बंद करावा लागला. नुसते ‘फुफ्फुसाचा फायब्रोसिस’ असे छापले की या दोन रुग्णांची सरमिसळ होते.

मेलानोमाचेही तसेच. गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या मेलानोमात जवळपास निम्म्यांत बीआरएएफ जनुकात बदल असतो, आणि गाजलेल्या गोळ्या त्यावरच्या आहेत. आपल्याकडे बऱ्याचदा दिसणारा मेलानोमा तळपाय, तळहात किंवा नखाखालचा. त्यात हा बदल बराच कमी आढळतो, आणि बी-१६ मध्येही तो नाही. तळपायाचा काळा डाग भोवरी समजून कापला किंवा जाळला जातो आणि तुकडा कचऱ्यात जातो. कापलेला प्रत्येक काळा तुकडा त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाकून तपासणीला गेला पाहिजे. सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये नको. हाडासकट नमुना असेल तर तो मऊ करायला तीव्र आम्ल वापरू नये, डीएनए तुटतो. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावे, वेळ जास्त लागला तरी. मेलॅनिन हे काळे रंगद्रव्यही पीसीआर ही डीएनएची चाचणी अडवते, तेव्हा भरपूर काळ्या नमुन्याचा ‘चाचणी अयशस्वी’ हा अहवाल म्हणजे ‘बदल नाही’ असा अर्थ नव्हे.

पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब ही फायब्रोसिसवरची औषधे चालू असलेल्यांनी बातमी वाचून गोळ्या थांबवू नयेत. दोन्ही फायब्रोसिस उलटवत नाहीत, घसरण मंदावतात. ‘गोळी घेऊनही दम आहेच’ म्हणून ती निकामी ठरत नाही. पिरफेनिडोन भरल्या पोटी घ्यावे, मात्रा हळूहळू वाढवावी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीनशिवाय दुपारच्या उन्हात जाऊ नये, आणि पहिले सहा महिने दर महिन्याला यकृताची तपासणी करावी.

आपल्या आरोग्य पुरवणीकडून अपेक्षा माफक आहे. अशा बातमीखाली एक छोटी चौकट द्यावी: प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर; औषध रोग लावल्यावर कितव्या दिवशी सुरू केले; दोन्ही गटांत किती होते आणि किती दगावले; पिरफेनिडोनशी किंवा निन्टेडॅनिबशी तुलना केली का. बातमीदाराने मूळ शोधनिबंधातला ‘पद्धती’ हा भाग उघडला तर पहिल्या तिन्हींची उत्तरे बहुधा तिथेच सापडतील. ती सापडली नाहीत, तर चौकटीत तसे लिहावे.

आपले,
फुफ्फुसरोग व त्वचेच्या कर्करोगावर काम करणारे काही संशोधक आणि पॅथॉलॉजिस्ट,
परळ, मुंबई