काका, तुम्ही ती घसरगुंडी खाली उतरवायला लावलीत, त्याबद्दल

प्रिय काका,

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे लिहून सगळ्यांसमोर ठेवते आहे. बागेत मुलांसाठी मचाण, शिडी, घसरगुंडी उभी करणारे आणखीही कोणी वाचतील, त्यांच्याही उपयोगी पडेल.

त्या संध्याकाळी माझ्या मते काम झालं होतं. मचाण जमिनीपासून १.२ मीटर उंच, घसरगुंडीची लांबी २.४ मीटर, म्हणजे साधारण ३० अंशांचा उतार. माप चुकलं नव्हतं. दोन्ही बोल्ट मी अंगातली सगळी ताकद लावून आवळले होते आणि पोरगी शिडीपाशी नंबर लावून उभी होती. तुम्ही कुंपणापाशी आलात, बघितलंत आणि "छान झालंय" म्हणण्याऐवजी एक बटण आणि दोरा मागितलात.

ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दोऱ्याला बटण बांधलंत, ते मचाणाच्या फळीवर ठेवलंत आणि मूल बसून निघतं तसा दोरा घसरगुंडीवरून खाली ओढत नेलात. वरच्या तोंडाशी, फळी आणि प्लास्टिकची कड जिथे भेटतात तिथे, बोटभर फट राहिली होती. बटण त्यात गेलं आणि अडकलं. तुम्ही दोरा ओढलात, तो ताठ झाला, बटण काही सुटेना. "हा गळ्याशी असलेला बंद समज," एवढंच म्हणालात. माझी मुलगी तेव्हा टोपीचं जॅकेट घालून उभी होती, काका. टोपीच्या दोन्ही नाड्या छातीवर लोंबत होत्या, टोकाला गाठी मारलेल्या. माझ्या पोटात गोळा आला. "काढ ते सगळं," तुम्ही म्हणालात, आणि स्वतःच पाना हातात घेतलात.

पुढे कधीतरी वाचलं की खेळाच्या साधनांसाठी युरोपात जे ईएन ११७६ मानक आहे, त्यात नेमकी अशीच चाचणी सांगितली आहे: साखळीला अडकवलेली खुंटी घसरगुंडीच्या तोंडाशी ओढून बघायची, ती कुठे अडकता कामा नये. खेळण्याबरोबर आलेल्या कागदावर मात्र याबद्दल एक ओळ नव्हती. दोन बोल्टांचं चित्र, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रंधा घेऊन आलात. फळी एका बाजूला किंचित वर आली होती, म्हणून कड टेकत नव्हती. मी ती फट पट्टी ठोकून बुजवणार होते. तुम्ही पातळ सालं काढत काढत फळीच सपाट केलीत, कड अशी बसवलीत की नख फिरवलं तर सांधा जेमतेम जाणवावा. बोल्टाचं भोक तुम्ही मुद्दाम जरा मोठं केलंत तेव्हा मी विचारलं, ढिलं नाही का राहणार? प्लास्टिक उन्हात वाढतं, थंडीत आकसतं, त्याला हलायला जागा नसली की भोकापासूनच तडा जातो, हे तुम्ही सांगितलंत. वर रुंद वॉशर टाकायचा आणि तो बोटाने फिरायचा थांबला की पाना थांबवायचा. मी आदल्या दिवशी किती जोर लावला होता!

खालच्या टोकाचं काम लवकर उरकलं. शेवटचा भाग जवळजवळ आडवा, जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर, म्हणजे मुलाचा वेग तिथे मोडतो आणि पाय टेकतात. पुढे १.८ मीटर मोकळी जागा हवी म्हणून वाफ्याचे दगड हलवले. हिरवळ आहे की, पुरेल, असं मी म्हटलं होतं, पण पायांनी तुडवून ती दगडासारखी होते. तिथे आपण माती उकरून २३ सेंटिमीटर जाडीचा लाकडी तुकड्यांचा थर दिला. दुपारचं ऊन सरळ पडत होतं म्हणून तोंडही झाडाकडे फिरवलं.

आणि एका गोष्टीसाठी वेगळे आभार. सगळं झाल्यावर मी धाकट्याला मांडीवर घेऊन वर चढायला निघाले. दीड वर्षाचं पोर, एकटं कसं सोडायचं? तुम्ही माझा हात धरलात. एकटं मूल घसरताना बुटाचा तळवा बाजूला घासला तर ते तिथेच थांबतं. मांडीवर असताना पाय अडकला तर मोठ्या माणसाचं वजन त्याला पुढे ढकलतच राहतं, नडगीचं हाड तिथेच मोडू शकतं. मी तर काळजी म्हणून त्याला मांडीवर घेत होते. किती आई-बाप रोज हेच करत असतील! आता तो घसरगुंडीच्या खालच्या भागावर बसतो, मी बाजूला उभी राहून हात धरते आणि तो वीतभर घसरून टाळ्या वाजवतो.

मुलीच्या जॅकेटची नाडी मी त्याच रात्री ओढून काढली. बटण आणि दोरा मचाणाच्या खांबाला खिळ्यावर टांगून ठेवला आहे. अधूनमधून ओढून बघते. काल बघितलं, सरळ खाली आलं.

वापराने बोल्ट ढिले पडतात, महिन्याभराने एकदा बघ, असं म्हणाला होतात. येत्या रविवारी महिना होतोय. तुमचा १२-१३चा पाना अजून माझ्याकडेच आहे. बघून झालं की आणून देते.

तुमची,
कुंपणापलीकडची