फिटनेस आहे, पण तपासणीत काय दिसले?

महोदय,

जुन्या गाड्यांच्या, विशेषतः प्रीमियर पद्मिनीच्या, विक्रीच्या जाहिरातींत 'फिटनेस अमुक सालापर्यंत' हे शब्द हटकून आढळतात आणि घेणारा त्यांवर विसंबतो. मीही विसंबलो. १९८६ सालची पद्मिनी मी २०२४ मध्ये घेतली, तेव्हा आरसी बुकावर २०२६ पर्यंतची मुदत होती, रंग ताजा होता आणि स्टिअरिंगवरचा गिअर अलगद पडत होता. महिनाभराने मेकॅनिकने चालकाच्या पायाखालचे मॅटिंग उचलले, तेव्हा खालचा पत्रा सडलेला, त्यावर दुसरा पत्रा डकवलेला आणि वरून डांबर फासलेले निघाले. खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी करावे लागते; म्हणजे ही गाडी २००१ पासून पाच वेळा आरटीओच्या तपासणीतून गेलेली असणार. त्या पाच तपासण्यांत कोणाला काय दिसले, हे मला कुठेही वाचता आले नाही.

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेसची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा कळतो, आणि ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु मुदत म्हणजे केवळ निकाल झाला. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारींची दरवर्षी 'एमओटी' तपासणी होते आणि केवळ नंबर प्लेटवरून कोणालाही २००५ पासूनचे निकाल विनामूल्य पाहता येतात: त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, गाडी कशामुळे नापास झाली, आणि पास होऊनही कोणत्या भागाकडे लक्ष द्यावे असा शेरा मिळाला. 'मागचा पत्रा गंजू लागला आहे' असा शेरा तीन वर्षे ओळीने दिसला आणि चौथ्या वर्षी नाहीसा झाला, तर त्याची दुरुस्ती कोणी व कशी केली, हे विक्रेत्याला विचारता येते. तिथेही २०१८ पासून चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना या तपासणीतून सूट आहे, म्हणजे जिथे नोंद सर्वाधिक हवी नेमकी तिथेच ती तुटू शकते. ही उणीव आपण उचलू नये.

आपल्याकडे हा प्रश्न आता पैशाचाही झाला आहे. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाली आणि उरलेल्या गाड्यांना आठवणींचा भाव येऊ लागला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला वीस हजार रुपये शुल्क भरून 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. १९७४ च्या पद्मिनी आता या वयाला पोहोचल्या आहेत. गाडी 'मूळ स्वरूपात' आहे हे तिच्या जुन्या तपासण्यांच्या नोंदींशिवाय ठरवायचे कशावरून?

अशा नोंदी खुल्या होईपर्यंत घेणाऱ्याने स्वतःच डोळे उघडे ठेवावेत. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मडगार्ड आणि दारांच्या खालच्या कडेवरून फिरवले की जिथे लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे ते धरत नाही. इंजिन आणि चासी क्रमांक आरसीशी ताडून पाहावेत. डिकीत सीएनजीची टाकी किंवा ती बसवल्याच्या खुणा असतील, तर इंधनाची नोंद तपासावी. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हेही विचारावे. किलोमीटरवर मात्र विसंबू नये, कारण पाच आकडी मीटर एक लाखानंतर पुन्हा शून्यावर येते.

केंद्र सरकारने २०२१ मध्येच स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आहेत. या केंद्रांत ब्रेक आणि दिव्यांची मोजमापे यंत्रावर घेतली जातात, म्हणजे माहिती संगणकात असतेच. राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने किमान नूतनीकरणाच्या तपासणीतील किलोमीटर आणि निरीक्षकाचा शेरा, मालकाचे नाव-पत्ता वगळून, गाडीच्या क्रमांकावर खुला करावा, अशी माझी विनंती आहे.

माझ्या गाडीचे नूतनीकरण यंदाच आहे. दुरुस्त केलेला तो पत्रा मी निरीक्षकांना स्वतः दाखवणार आहे. त्याची नोंद कागदावर उतरते का, हे मला पाहायचे आहे.

— एक वाचक, पुणे